शिक्षकाचे ‘कायम’पण आणि आमच्या वस्तीची शाळा

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी ‘अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या प्रकरणात निकाल दिला आणि महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या खोल्यांतून झोप उडाली. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावे. नाही झाले तर सक्तीने सेवानिवृत्त व्हावे. ज्यांची पाच वर्षांहून कमी नोकरी उरली आहे त्यांची नोकरी राहील, पण टीईटी नसेल तर पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याकांच्या शाळांना हे लागू करायचे की नाही हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्यात आला. पंचवीस-पंचवीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेले गुरुजी आणि बाई आता वह्या तपासायच्या की गाईड वाचायचे या पेचात सापडले. ५ डिसेंबर २०२५ रोजी संघटनांनी राज्यभर शाळा बंदची हाक दिली.

या प्रश्नावर दापोडीत बोलायला गेले की दोन सूर ऐकू येतात. पहिला सूर पालकांचा: ‘बरे झाले. पगार कायमचा, वेतनवाढ कायमची, आणि पोराला पाचवीत गेले तरी जोडाक्षर वाचता येत नाही.’ दुसरा सूर अधिक खोचक असतो आणि तो पहाटे कंपनीच्या बसने चाकणला जाणाऱ्या तरुणाचा असतो: ‘आम्हाला सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळतो. मास्तरला का नको?’

हा दुसरा सूर आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. हॅरिस पुलापासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात ‘परमनंट’ या एका शब्दाला जेवढे वजन आहे तेवढे पदवीलाही नाही. एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, टेल्कोत, बजाजमध्ये ज्याचा बाप परमनंट झाला त्याच्या घराला स्लॅब पडला, त्याची पोरगी कॉलेजला गेली. सिद्धार्थनगर, जयभीमनगरात आज जे वकील, अभियंते, नर्सेस दिसतात त्यांच्या मागे बहुतेक वेळा एका माणसाची कायम नोकरी उभी आहे. मग त्या नोकऱ्या गेल्या. ठेकेदार आले. २४० दिवस भरू नयेत म्हणून मधेच ब्रेक द्यायची कारखानदारांची युक्ती पट्ट्यातल्या प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांत मुदतबंद नोकरीला रीतसर कायद्याची गादी मिळाली. अशा वेळी कंत्राटी पोराला कायम शिक्षकाचा राग यावा हे आम्ही समजू शकतो. पण या रागाचा फायदा कोणाला होतो ते त्याने पाहावे. स्वतःचे कायमपण ज्यांनी हिरावून घेतले त्यांच्याकडे बोट न दाखवता, ज्याचे अजून शिल्लक आहे त्याच्याकडे बोट दाखवायला त्याला शिकवले गेले आहे.

आता ‘कायम शिक्षक’ म्हणजे कायद्याने नेमके काय, ते सांगणे भाग आहे, कारण यावर गैरसमज फार. लोकांना वाटते, एकदा ऑर्डर हातात पडली की मास्तर सरकारचा जावई, त्याला ब्रह्मदेवही काढू शकत नाही. हे खोटे आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला १९६४ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत. महापालिकेच्या शिक्षकाला महापालिका अधिनियमातले शिक्षेचे कलम लागू आहे. खाजगी अनुदानित शाळेतील शिक्षकासाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. यातल्या प्रत्येक ठिकाणी शिक्षकाला बडतर्फ करता येते. कामचुकारपणा, गैरवर्तन, अकार्यक्षमता, सगळ्यासाठी. अट एवढीच की आरोप लेखी द्या, त्याचे म्हणणे ऐका, चौकशी करा.

खाजगी शाळांच्या नियमावलीत तर चौकशी समितीची रचनाही ठरवून दिली आहे. तीन सभासद: एक व्यवस्थापनाचा, एक शिक्षकाने सुचवलेला, आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून घेतलेला. चौकशी सर्वसाधारणपणे १२० दिवसांत संपवावी असेही लिहिले आहे. चार महिने! चार महिन्यांत नालायक शिक्षक घरी पाठवता येतो. तरी तो जात नसेल तर दोष कायद्याचा की चौकशीच न लावणाऱ्या शिक्षणाधिकाऱ्याचा आणि संस्थाचालकाचा? न्यायालयात ज्या बडतर्फ्या रद्द होतात त्या बहुधा शिक्षक सज्जन होता म्हणून होत नाहीत. संस्थेने समितीच नीट नेमली नाही, कागदपत्रेच दिली नाहीत, साक्षीदार तपासू दिले नाहीत म्हणून होतात. ज्याला साधी चौकशी नीट करता येत नाही त्याने कायमपणाच्या नावाने गळा काढू नये.

हा १९७७ चा कायदा का आला हेही नव्या पिढीला माहीत नाही. त्याआधी माध्यमिक शाळा संहिता होती, पण ती शासकीय सूचनांची जंत्री. तिला कायद्याचे बळ नव्हते. संस्थाचालक उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शिक्षकाला काढायचा आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचा, म्हणजे सुट्टीचा पगार वाचला. घरी पाणी भरायला, निवडणुकीत चिठ्ठ्या वाटायला मास्तरच. त्या गुलामीतून सुटका करण्यासाठी परिवीक्षेची दोन वर्षे समाधानकारक पूर्ण केली की कायम, आणि काढले तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील, ही व्यवस्था झाली. कायमपणाचा अर्थ इतकाच आहे: मालकाची मर्जी फिरली म्हणून नोकरी जाणार नाही.

आणि ‘मर्जी’ हा शब्द आला की आमच्या समाजाने कान टवकारले पाहिजेत. नाशिकच्या एका शाळेचे उदाहरण घ्या. शाळेला नाव सावित्रीबाई फुल्यांचे. तिथल्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला. तो उभा राहत होता, शिस्त मोडत नव्हता, फक्त हात जोडत नव्हता. संस्थेने ही बेशिस्त ठरवली आणि त्याची हक्काची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवून ठेवली. तो उच्च न्यायालयात गेला. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षकाला प्रार्थनेत हात जोडायची सक्ती करणे हा त्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, आणि त्याची वेतनश्रेणी त्याला द्यावी.

या निकालाचे आपल्या लोकांनी पेढे वाटून स्वागत केले. पण त्यातली एक गोष्ट नजरेआड झाली. हा शिक्षक कायम होता म्हणून संस्थेला त्याची फक्त वेतनश्रेणी अडवता आली. तोच शिक्षक घड्याळी तासिकेवर असता तर? अकरा महिन्यांच्या मानधनावर असता तर? त्याला नोटीस नाही, आरोपपत्र नाही, अपील नाही. जूनमध्ये फक्त त्याचे नाव यादीत नसते. खटलाच उभा राहिला नसता, आणि सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यावरचा तो निकालही या राज्यात आला नसता. संविधानाने हक्क दिला खरा, पण तो बजावायला त्या माणसाच्या पायाखाली कायम नोकरीची फरशी होती. १४ एप्रिलला वर्गात बाबासाहेब सांगणारा, गणपतीची वर्गणी मागायला नकार देणारा, शाळेतल्या शौचालयाची सफाई फक्त एकाच वस्तीच्या मुलांकडून का करून घेता असे विचारणारा शिक्षक वर्षावर्षाच्या करारावर टिकणार नाही. टिकेल तो गप्प राहून टिकेल.

अशा शिक्षकांना सरकारने गेली पंचवीस वर्षे पद्धतशीर पोखरले आहे. टीईटीच्या निकालावर आज ओरड होते आहे, पण पायाभरणी २००० सालीच झाली. त्या वर्षी ‘शिक्षण सेवक’ नावाची जात निर्माण झाली. तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर पूर्ण शिक्षकाचे काम. प्राथमिकचा शिक्षण सेवक सुरुवातीच्या काळात महिना ३ हजारांत राबला. पुढे ते ६ हजार झाले, आणि १६ हजार व्हायला २०२३ चे साल उजाडावे लागले, तेही उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर. ‘सेवक’ हा शब्द कोणाच्या डोक्यातून निघाला असेल? फुल्यांच्या महाराष्ट्रात शिक्षकाला सेवक म्हणावे, आणि तेही बहुजनांची पोरे डी.एड. करून मोठ्या संख्येने या नोकरीत येऊ लागली तेव्हा म्हणावे, हा योगायोग मानण्याइतके आम्ही भोळे नाही.

दुसऱ्याच वर्षी, २००१ मध्ये, ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचे धोरण आले. मराठी भाषेची काय थट्टा पाहा. शिक्षकाला जो ‘कायम’ शब्द हवा होता तो सरकारने दिला, पण शाळेच्या कपाळावर: अनुदान कायमचे नाही. २००९ मध्ये आंदोलनानंतर तो ‘कायम’ शब्द वगळला गेला. पुढे २० टक्के, ४० टक्के असे अनुदानाचे तुकडे भिकेसारखे पडू लागले. आझाद मैदानावर उपोषण करता करता कित्येकांचे केस पांढरे झाले. मग २ मे २०१२ रोजी शिक्षक भरतीवर बंदी. भरती बंद, पण डी.एड. कॉलेजांची दुकाने चालूच. शिकून बसलेल्यांची रांग लागली की स्वस्तात माणूस मिळतो, हे गणित चाकणच्या ठेकेदाराला कळते तसे मंत्रालयालाही कळते.

२०२३ साल तर कळसच. जुलैमध्ये शासनाने ठरवले की रिक्त जागांवर सत्तर वर्षांपर्यंतचे सेवानिवृत्त शिक्षक २० हजार मानधनावर घ्या. तरुण बेरोजगार बाहेर, आजोबा वर्गात. आणि ६ सप्टेंबरच्या शासन निर्णयाने नऊ खाजगी कंपन्यांना सरकारी विभागांना मनुष्यबळ पुरवण्याचा ठेका दिला. लोक रस्त्यावर उतरले, निवडणुका दिसू लागल्या, आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला. विचार गेला का? महापालिकांच्या शाळांतून मानधनावर, तासिकेवर काम करणारी मुलेमुली पाहिली की उत्तर मिळते.

यातले खरे मर्म आरक्षणात आहे. आरक्षण मंजूर पदाला लागते. पद मंजूर असेल तर बिंदुनामावली असते, बिंदुनामावली असेल तर अनुसूचित जातीचा बिंदू असतो, आणि तो भरला नाही तर अनुशेष मागता येतो. ठेकेदाराच्या रजिस्टरला कसली आली बिंदुनामावली? पद कंत्राटी झाले की संविधानातले सोळावे कलम शाबूत राहते आणि त्याचा उपयोग संपतो. एकही घटनादुरुस्ती करावी लागत नाही. वर पुन्हा २००६ चा ‘उमादेवी’ निकाल आहेच: मागच्या दाराने आलेल्याला कायमपणाचा हक्क नाही. तत्त्व म्हणून ते ठीक. पण पुढचे दार बारा-बारा वर्षे कुलूपबंद ठेवणाऱ्या सरकारला कोणते न्यायालय जाब विचारणार?

आता पुन्हा टीईटीकडे वळू. न्यायालयाचा पूर्ण आदर राखून आम्हाला बोलायचे आहे, आणि शिक्षक संघटनांना रुचणार नाही असेही बोलायचे आहे. हा निकाल न्यायालयाने हवेतून आणलेला नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २३ आहे. २३ ऑगस्ट २०१० ची राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची अधिसूचना आहे. २०१७ मध्ये संसदेने त्याच कलमात दुरुस्ती करून, ३१ मार्च २०१५ रोजी सेवेत असलेल्या अपात्र शिक्षकांना पात्रता मिळवायला चार वर्षांची मुदत दिली होती. त्या वेळी संघटना काय करत होत्या? आणि बालकाच्या गुणवत्तापूर्ण शिक्षणाचा हक्क हा शिक्षकाच्या नोकरीच्या हक्काएवढाच मोलाचा आहे हे न्यायालयाचे म्हणणे आम्हाला नाकारता येत नाही, कारण ते बालक आमचे आहे. महापालिकेच्या शाळेत आज कोणाची मुले बसतात? सदाशिव पेठेतल्यांची नाही बसत.

पण अन्याय कुठे आहे तेही स्पष्ट आहे. १९९८ मध्ये किंवा २००५ मध्ये जो शिक्षक लागला, त्याने तेव्हा कायद्याने मागितलेली पात्रता पूर्ण केली होती. बारावीनंतर डी.एड. मागितले, त्याने केले. निवड समितीने त्याला निवडले. खुद्द २०१० च्या अधिसूचनेने जुन्या नियुक्त्यांना सूट दिलेली होती, त्यावर त्याने विसंबून संसार मांडला. आता पन्नाशीला आलेल्या त्या माणसाला दीडशे गुणांचा पर्यायी प्रश्नांचा पेपर द्यायचा आणि त्यावरून त्याची पंचवीस वर्षे मोजायची, हे मोजमापच चुकीचे आहे. टीईटी ही दारातली परीक्षा आहे. आत कोणाला घ्यायचे ते ठरवायला ती ठीक. आत आलेला माणूस पंचवीस वर्षे कसा वागला ते तिला कळत नाही. वर्गात दारू पिऊन येणारा हुशार माणूस ती सहज उत्तीर्ण होईल. दुसरीच्या चाळीस पोरांना मांडीवर घेऊन अक्षर शिकवलेली बाई कदाचित नापास होईल, कारण तिला आठवीचे बीजगणित विसरायला झाले आहे. या परीक्षेचा राज्यातला निकाल अनेकदा पाच टक्क्यांच्याही आत राहिला आहे. एवढ्या बारीक चाळणीतून लाखभर माणसे दोन वर्षांत गाळायची म्हणजे काय होणार?

काय होणार याचा पुरावा आपल्या पुण्यातच आहे. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीचा घोटाळा पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये उघड केला. राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. पैसे घेऊन गुण वाढवल्याच्या आरोपावरून ७ हजार ८०० हून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. २३ नोव्हेंबर २०२५ च्या टीईटीच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यात पेपर फोडणारी टोळी पकडली गेली. त्याच वर्षी नागपूर विभागात शालार्थ आयडीचा घोटाळा बाहेर आला. नेमणूकच नसलेल्या शिक्षकांच्या नावे पगार निघाल्याचे आरोप झाले, अधिकारी गजाआड गेले. म्हणजे बघा, शिक्षकाची पात्रता तपासायचा अधिकार ज्यांच्या हातात, त्यांचीच पात्रता आधी पोलिसांना तपासावी लागली. दोन वर्षांची टांगती तलवार आणि विकत मिळणारे प्रमाणपत्र, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पैसेवाला सुटतो. कर्ज काढून घर बांधलेला वस्तीतला मास्तर अडकतो.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन आजच्या सुधारणावाद्यांनी जरूर वाचावे. प्राथमिक शाळेतल्या ब्राह्मण पंतोजींवर तात्यासाहेबांनी कडाडून टीका केली आहे. शेतकऱ्यांच्या, शूद्रातिशूद्रांच्या पोरांबद्दल त्यांना आस्था नाही, ते जातीचा ताठा सोडत नाहीत, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे वाईट शिक्षकाची तक्रार आमच्या चळवळीने पहिल्यांदा केली, कॉर्पोरेट फाउंडेशनांनी नव्हे. पण उपाय काय सांगितला? शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्य तितके त्याच वर्गांतून आलेले असावेत, लोकांत मोकळेपणाने मिसळणारे असावेत, आणि त्यांना महिना किमान १२ रुपये पगार मिळावा. त्या काळी इंग्रज सरकार निकालावर अनुदान देण्याचा प्रयोग करत होते. जेवढी पोरे पास तेवढा पैसा. गरीब, शिक्षणाची चव न लागलेल्या लोकांत ही पद्धत चालणार नाही, तिच्या भरवशावर तिथे कोणी शाळा काढणार नाही, अशा आशयाचा इशारा जोतीरावांनी तेव्हाच दिला. आज निकालावर शिक्षकाचे भवितव्य टांगू पाहणाऱ्यांना वाटते की आपण फार आधुनिक काही सांगतो आहोत.

बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर केलेले भाषणही याच वळणाचे आहे. प्राथमिक शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात, हा आकडा त्यांनी सभागृहापुढे ठेवला. सरकार शिक्षणावर दरडोई किती खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून दरडोई किती उकळते याची तुलना केली. शिक्षण खाते हे देण्याघेण्याच्या हिशेबाने चालवायचे खाते नाही, असे बजावले. त्या भाषणात गळतीचे खापर त्यांनी एकट्या मास्तरच्या डोक्यावर फोडलेले नाही. सरकारची थैली उघडायला लावली.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या निग्रो चळवळीचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य सांगितले होते. ते साम्य या प्रश्नातही आहे. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्याकाळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल ऐतिहासिक होता, आपण आजही त्याचा दाखला देतो. पण पुढे काय झाले? शाळा एकत्र करताना काळ्यांच्या शाळा बंद केल्या गेल्या आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत दक्षिणेकडच्या सतरा राज्यांत सुमारे ३८ हजार काळ्या शिक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. काही राज्यांनी शिक्षकांच्या सेवासंरक्षणाचे कायदेच पातळ केले. साउथ कॅरोलिना राज्याने १९५६ मध्ये कायदा केला की एनएएसीपी या काळ्यांच्या संघटनेच्या सभासदाला सरकारी नोकरी नाही. सेप्टिमा क्लार्क या चार दशके शिकवलेल्या बाईंनी सभासदत्व सोडले नाही. त्यांची नोकरी गेली, पेन्शनही गेली. ती पेन्शन परत मिळायला १९७६ साल यावे लागले. तेव्हा नोकरीतून कोण आधी उडाले आणि कोणत्या कारणाने, हे नीट पाहा. गुणवत्ता हे तेव्हाही सांगायचे कारण होते.

त्याच देशात २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नऊ विद्यार्थ्यांच्या नावाने एक खटला गाजला. म्हणणे असे की शिक्षकांच्या कायमपणामुळे नालायक शिक्षक गरिबांच्या आणि काळ्यांच्या शाळांत साचतात. खालच्या न्यायालयाने ते मानले आणि कायमपणाचे कायदे रद्द ठरवले. आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांना असे निकाल फार आवडतात. पण २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि त्याचे कारण ध्यानात ठेवण्यासारखे आहे: कोणता शिक्षक कोणत्या शाळेत पाठवायचा हे कायदा ठरवत नाही, प्रशासक ठरवतात. हे वाक्य कॅलिफोर्नियापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. शहरातल्या मोक्याच्या शाळेत वशिल्याची बदली आणि वस्तीच्या शाळेत शिक्षेची बदली, हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

आता थोडे आमच्याच माणसांविषयी. आंबेडकरी समाजातून मोठ्या संख्येने शिक्षक झाले. त्यांतले अनेक जण वस्तीत रात्रशाळा चालवतात, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात. पण दुसरेही आहेत. नोकरी महापालिकेच्या शाळेत, स्वतःची मुले कॉन्व्हेंटात, आणि संध्याकाळी जमिनीच्या प्लॉटिंगचा धंदा. जुन्या पेन्शनच्या मोर्चात हे पुढे असतात, आणि ते रास्तच आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांवर अन्याय झालाच आहे. पण शाळेतल्या तासिकेवरच्या पोरीला सुट्टीचा पगार मिळत नाही यावर त्यांची संघटना कधी शाळा बंद ठेवते का? मागासवर्गीयांचा अनुशेष किती, यासाठी कधी एक दिवस रजा टाकतात का? ज्या शिक्षकाने कायमपण एकट्यापुरते सांभाळले त्याच्यासाठी वस्तीने रस्त्यावर यावे ही अपेक्षा फोल आहे. दापोडीतले पालक ‘बरे झाले’ म्हणतात त्याला हेही एक कारण आहे.

सुधारणा हवीच आहे. ती अशी व्हावी: सेवेतल्या शिक्षकांना टीईटीऐवजी सेवांतर्गत प्रशिक्षण आणि वर्गातल्या प्रत्यक्ष कामाचे मूल्यमापन लागू व्हावे, आणि त्यासाठी केंद्राने शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती करावी, जे काम संसदेचे आहे ते परीक्षा परिषदेवर ढकलू नये. चौकशीचे १२० दिवस पाळले नाहीत तर त्याची जबाबदारी शिक्षणाधिकाऱ्यावर टाकावी. शिक्षण सेवक हे पद रद्द करून पहिल्या दिवसापासून परिवीक्षेवर पूर्ण पगार द्यावा. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे सांगितली आहेत, तेवढीच द्यावीत. अर्धे वर्ष मतदारयाद्या घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या बाईंना वर्गातल्या निकालाचा जाब विचारायला आम्हालाही लाज वाटते.

सरकार हे आपणहून करणार नाही. पण एक काम दापोडीतले पालक या महिन्यातच करू शकतात. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे महापालिकेच्या प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, एकूण सभासदांत निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा. बहुतेक शाळांत ही समिती सह्यांपुरती असते. सह्या करणाऱ्या आयांना आपण समितीवर आहोत हेही माहीत नसते. पुढच्या बैठकीत इतिवृत्त मागून घ्या आणि त्यात चार प्रश्न लेखी नोंदवा. आपल्या शाळेत मंजूर पदे किती, भरलेली किती? मानधनावर आणि तासिकेवर किती जण आहेत, त्यांना महिना किती मिळतो? बिंदुनामावलीप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या किती जागा रिकाम्या आहेत? आणि गेल्या पाच वर्षांत कोणत्याही शिक्षकाविरुद्ध पालकांची तक्रार आली असेल तर चौकशी सुरू कधी झाली, संपली कधी? उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज शिक्षण विभागाकडे द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्ज लिहून द्यायला वस्तीत वकील कमी नाहीत.